विमानांच्या नकाशावरच्या रिकाम्या जागा

गच्चीवरचा_गणू (धागाकर्ता), शनिवार, रात्री ११:५२

मंडळी, बरीच वर्षं रोमात (नुसता वाचनमात्र) आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

घर नागपुरात. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची सवय अजून सुटलेली नाही. पहाटे अडीच-तीनला जाग येते, मग वर बघत पडायचं. काही वर्षांपूर्वी भाच्याने फोनवर फ्लाइटरडार२४ हे उडती विमानं नकाशावर दाखवणारं ॲप टाकून दिलं आणि उरलीसुरली झोपही गेली. डोक्यावरून लुकलुकत जाणारा तो दिवा दुबईहून बँकॉकला निघालाय, त्याच्या मागचा लंडनहून सिंगापूरला, हे एकदा कळलं की डोळा कसला लागतोय! यातलं एकही नागपूरला उतरणार नसतं. एका अंगाला युरोप आणि आखात, दुसऱ्या अंगाला आग्नेय आशिया, आणि आपण मधल्या वाटेवर. लहानपणी रेल्वे फाटकाशी उभं राहून मालगाडीचे डबे मोजायचो, तोच उद्योग आता उताणं पडून.

तर धाग्याचं कारण. सुरुवातीला मी विमानं बघायचो. हल्ली मी विमानं नसलेल्या जागा बघतो. नकाशा बोटांनी चिमटीत धरून पूर्ण लहान करा. युरोप आणि अमेरिका पिवळ्या मुंग्यांनी बुजलेले दिसतील, आणि मध्येच मोठमोठी भोकं. प्रत्येक भोकामागे काहीतरी आहे. कुठे डोंगर, कुठे युद्ध, कुठे नुसतं पाणी.

माझं पहिलं भोक तिबेट. दिल्लीच्या वर बघा, विमानांची रांग हिमालयाशी येते आणि वळसा घालते. मला वाटायचं डोंगर उंच म्हणून. पण विमान अकरा-बारा किलोमीटरवर असतं, एव्हरेस्ट नऊच्या आत. धडकायचा प्रश्नच नाही. अडचण वेगळी आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर डोक्यावरून जे पिवळे मुखवटे पडतात, त्यांतला प्राणवायू साधारण १२ ते १५ मिनिटं पुरतो. तेवढ्या वेळात वैमानिकाने ३,००० मीटरपर्यंत खाली यायचं, म्हणजे माणसांना तसाच श्वास घेता येईल. आणि तिबेटचं पठारच सरासरी ४,५०० मीटरवर! खाली येणार कुठे? ल्हासाला जाणारी विमानं जास्तीचा प्राणवायू घेऊन जातात, बाकीचे सरळ लांबून जातात.

तुमची आवडती जागा कुठली? भोक असो, गर्दी असो, काहीही चालेल.

गूढरम्य, रविवार, सकाळी ७:१०

छान विषय. पण कैलास पर्वतावरून विमान नेता येत नाही, तिथे होकायंत्र गरागरा फिरतं असं ऐकलं आहे. त्याबद्दल काही?

गच्चीवरचा_गणू, सकाळी ७:३५

गूढरम्यजी, ऐकलं मीही आहे. पण वरचा हिशोब लावून बघा. ज्या पठारावरून जायला कुणी फारसं राजी नाही, त्यातल्या एका शिखरावरून कुणी गेलं नाही म्हणून त्या शिखराला दोष कशाला?

टवाळ_बाळू, सकाळी ७:४१

होकायंत्राचं माहीत नाही, पण अशा व्हॉट्सॲप फॉरवर्डांनी माझं डोकं गरागरा फिरतं. (हलकं घ्या.)

संत्र्याची_फोड, सकाळी ९:०५

काऊन भाऊ, नागपूरला एकही उतरत नाही म्हणता? २७ ऑगस्ट २०२१ विसरले का? बिमान बांगलादेशचं मस्कतहून ढाक्याला चाललेलं बोइंग ७३७ होतं. रायपूरच्या आसपास असताना कॅप्टनला हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकाने विमान मागे वळवून आपल्या सोनेगावच्या विमानतळावर सुखरूप उतरवलं. सव्वाशेच्या वर प्रवासी होते. कॅप्टनवर इथेच उपचार झाले, पण दोन-तीन दिवसांनी ते गेले. मी त्या दिवशी ट्रॅकवर ती वळलेली रेघ पाह्यली होती. सरळ पूर्वेला जाणारी रेघ एकदम मागे फिरते ना, पोटात गोळा येते.

गच्चीवरचा_गणू, सकाळी ९:२०

बरोबर, माझं विधान मागे घेतो. वरून जाणाऱ्यांसाठी नागपूर म्हणजे महामार्गावरचा ढाबा. एरवी कुणी ढुंकून बघत नाही, गाडी बिघडली की आठवण.

पावसाळी_पाहुणा, सकाळी ११:४८ (आयर्लंड)

दंडवत गणूभाऊ. मी लिमरिकजवळ राहतो, शॅनन विमानतळ घरापासून अर्ध्या तासावर. तुम्ही ढाबा म्हणालात, तर मी टोलनाक्यावर राहतो असं समजा.

अटलांटिकवर रस्ते रोज नवे आखतात. खरंच रोज. वर जेट स्ट्रीम नावाचा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा पाट असतो. तो रोज जागा बदलतो, म्हणून रस्तेही बदलतात. युरोपकडे येणाऱ्यांना त्या पाटात घालायचं, अमेरिकेकडे जाणाऱ्यांना त्यातून वाचवायचं. पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटांना ए, बी, सी अशी सुरुवातीची अक्षरं, पूर्वेकडे येणाऱ्यांना झेडपासून उलटी. दिवसा सगळा लोंढा अमेरिकेकडे, रात्री सगळा युरोपकडे. आमच्याकडे पहाट होते तेव्हा नकाशावर समुद्रातून मुंग्यांची फौज चाल करून येत असते. फेब्रुवारी २०२०मध्ये सियारा वादळ आलं, तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. त्या रात्री मी जागाच होतो. जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर दिसत होता.

पलीकडच्या टोकाला कॅनडातलं गँडर. ११ सप्टेंबर २००१ला अमेरिकेने आकाश बंद केलं, तेव्हा या छोट्या गावात ३८ प्रवासी विमानं उतरवली होती, साडेसहा हजारांच्या वर माणसं. गावची वस्ती दहा हजारांच्या आसपास. लोकांनी शाळा उघडल्या, घरं उघडली. तेव्हा आपल्याकडे फोनवर नकाशा नव्हता म्हणून, नाहीतर ते दृश्य काय दिसलं असतं!

घाटकोपरी, दुपारी १२:३०

मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. हे ठिपके येतात कुठून? रडारवरून का?

पावसाळी_पाहुणा, दुपारी १:१५

नाव रडारचं असलं तरी बहुतेक काम रडारचं नाही. विमान स्वतःच ओरडत असतं. उपग्रहांवरून आपली जागा कळते, ती विमान साधारण सेकंदातून दोनदा १,०९० मेगाहर्ट्झवर सांगून टाकतं, 'मी अमुक, इथे आहे, एवढ्या उंचीवर आहे'. याला एडीएस-बी म्हणतात. ते उघड असतं, कूटभाषा नाही. माझ्या पोटमाळ्यावर एक हातभर अँटेना, एक डोंगल आणि रास्पबेरी पायचं पत्त्याच्या कॅटएवढं संगणक आहे. तेवढ्यावर मला सुमारे ४०० किलोमीटरपर्यंतची विमानं ऐकू येतात. त्यापुढे पृथ्वीची गोलाई आड येते. ऐकलेलं मी नेटवरून त्यांना पाठवतो, बदल्यात ते त्यांचं सर्वांत महागडं खातं फुकट देतात. जगभर असे हजारो पोटमाळे आहेत, म्हणून हा नकाशा आहे. मूळ साइटही स्वीडनमधल्या दोन हौशी माणसांनी २००६मध्ये अशीच सुरू केली. २०१०च्या एप्रिलमध्ये आइसलंडचा ज्वालामुखी फुटला, युरोपचं आकाश काही दिवस रिकामं झालं आणि ते रिकामं आकाश बघायला लोकांची झुंबड उडाली. म्हणजे गणूभाऊ, रिकाम्या जागांचं वेड तुम्हालाच आहे असं नाही.

आणि समुद्राच्या मध्यावर पोटमाळा नसतो, म्हणून तिथे ठिपका पुसट होतो. तो अंदाजाने पुढे सरकवलेला असतो. २०१९पासून इरिडियमच्या उपग्रहांवर बसवलेली यंत्रंही हे संदेश ऐकतात, त्यामुळे नियंत्रकांना महासागरावरही विमानं दिसतात. अटलांटिकवर पूर्वी एकामागून एक जाणाऱ्या दोन विमानांत सुमारे ४० सागरी मैल ठेवायचे, आता १४पर्यंत आणता येतं.

लोहगावकर, दुपारी ३:०२

पुण्यातलं रिकामं भोक सांगतो. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. सुखोई उडालं की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, ताटातली आमटी हलते. फोन काढून बघावं तर नकाशावर चिमणीसुद्धा नाही. तेवढ्यात शेजारून मुकाट्याने जाणारं दिल्लीचं प्रवासी विमान मात्र नावगावासकट हजर. आवाज ज्याचा त्याचा पत्ता नाही, आणि पत्ता ज्याचा त्याचा आवाज नाही.

सैन्याची सगळीच विमानं लपतात असंही नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाला त्याच्या आसपास काळ्या समुद्रावर 'फोर्टे' नावाने उडणारं अमेरिकेचं विनावैमानिक ग्लोबल हॉक सगळं जग बघत होतं. दिसायचं नसेल तर यंत्र बंद ठेवता येतं. मग दिसू का दिलं? माझ्या मते, 'आम्ही बघतोय' हे समोरच्याला कळावं म्हणूनच.

२४ फेब्रुवारीला युक्रेनचं आकाश बंद झालं. त्यानंतरचा नकाशा मी जपून ठेवलाय. देशाच्या सीमा न काढताही देशाचा आकार दिसतो. चहूबाजूंनी पिवळे ठिपके आणि मध्ये कापून काढल्यासारखी जागा.

टवाळ_बाळू, दुपारी ३:२०

लास व्हेगासचं कुणी कसं काढलं नाही? पांढरी ७३७ विमानं, अंगावर एक लाल पट्टा, बाकी ना नाव ना गाव. लोक त्यांना 'जॅनेट' म्हणतात. रोज कर्मचाऱ्यांना घेऊन नेवाडाच्या वाळवंटात जातात, आणि एरिया ५१च्या बाजूला ठिपका गायब. जगातली सर्वांत गुप्त जागा आणि तिथे ऑफिसची बस जाते!

उत्तरध्रुवी_उमा, संध्याकाळी ६:४४ (फिनलंड)

लोहगावकर, युक्रेनच्या भोकाचं दुसरं टोक आमच्या दारात आहे. हेलसिंकीची सगळी मिजास एकाच गोष्टीवर होती: युरोपातून जपानला जायचा जवळचा रस्ता आमच्यावरून. रशियावरून सरळ साडेनऊ तासांत टोकियो. २०२२मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि फिनएअरने काय केलं, तर थेट उत्तर ध्रुवावरून रस्ता काढला. १३ तास! मार्चमध्ये पहिली विमानं गेली तेव्हा प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याची प्रमाणपत्रं दिली. माझ्या मैत्रिणीने ते फ्रिजवर लावलंय.

नकाशावर ध्रुवावरची वाट बघायची असेल तर डोकं बाजूला ठेवावं लागतं. सपाट नकाशावर विमान वरच्या कडेतून बाहेर जातं आणि भलत्याच ठिकाणी परत आत येतं. आईला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, पडलं की काय?"

अजून एक. २०२४च्या एप्रिलअखेरीस फिनएअरने एस्टोनियातल्या तार्तूची सेवा महिनाभर थांबवली, कारण तिथे जीपीएसमध्ये इतका व्यत्यय येत होता की विमानं उतरता न आल्याने परत येत होती. त्या विमानतळावर उतरायची जी पद्धत होती ती जीपीएसवर अवलंबून. मग जमिनीवरची दुसरी सोय केल्यावर जूनमध्ये पुन्हा सुरू. बाल्टिक समुद्रावरचा हा गोंधळ साध्या नकाशात कळत नाही, पण 'जीपीएसजॅम' नावाच्या साइटवर जिथे विमानांची स्थाननिश्चिती बिघडते ते षटकोन लाल होतात. आमच्या खालचा सगळा पट्टा गोवर उठल्यासारखा दिसतो.

घाटकोपरी, संध्याकाळी ७:०६

म्हणजे विमान 'मी इथे आहे' म्हणतं, पण त्यालाच माहीत नसतं आपण कुठे आहोत?

उत्तरध्रुवी_उमा, संध्याकाळी ७:३०

अगदी! आणि त्याचे दोन प्रकार आहेत. एकात उपग्रहाचा आवाज गोंगाटात बुडवतात, विमानाला काहीच ऐकू येत नाही. दुसऱ्यात खोटा उपग्रह बनून चुकीची जागा सांगतात, ते जास्त वाईट. २०२४मध्ये पूर्व भूमध्य समुद्रावरची विमानं नकाशावर बैरूतच्या विमानतळावर गोळा झालेली दिसायची. हवेत दहा किलोमीटरवर उडणारं विमान धावपट्टीवर उभं! आणि काही वेळा यंत्र बावचळलं की शून्य अक्षांश, शून्य रेखांश सांगतं. ती जागा घानाच्या दक्षिणेला समुद्रात आहे. तिला गमतीने 'नल आयलंड' म्हणतात. बेटबीट काही नाही, हवामान मोजणारा एक तरंगता बोया तिथे बरीच वर्षं होता. जगभरच्या चुकलेल्या ठिपक्यांचं माहेर.

लोहगावकर, रात्री ८:१५

उमाताई, आपल्याकडेही आहे. आमच्या पुण्याचेच खासदार आणि नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत आकडा दिला होता. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात ४६५ घटना, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला.

सीमा नकाशावर कशी दिसते ते बघायचं असेल तर एप्रिल २०२५नंतरचा नकाशा काढा. पाकिस्तानने २४ एप्रिलला भारतीय विमानांना आकाश बंद केलं, आठवड्याभरात आपणही त्यांना केलं. मग दिल्लीहून एकाच वेळी निघालेली दोन विमानं बघायची. परदेशी कंपनीचं सरळ लाहोरवरून पश्चिमेला, आणि आपलं खाली गुजरातकडून अरबी समुद्रावर उतरून मोठा वळसा घेत. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला थांबावं लागलं. २०१९मध्येही असंच पाचेक महिने झालं होतं. जमिनीवर कुंपण घालतात हे माहीत होतं. दहा किलोमीटर उंचीवरचं कुंपण या नकाशाने दाखवलं.

खलाशी_काका, रात्री ९:५०

मंडळी, मी रत्नागिरीचा, व्यापारी जहाजांवर बत्तीस वर्षं काढली. विमानांतलं काही कळत नाही, पण रिकाम्या समुद्रातलं कळतं. नव्वदच्या सुमारास आमचं जहाज दक्षिण अटलांटिकमध्ये सेंट हेलेना बेटाजवळून गेलं होतं. पहाटे काळा कडा पाण्यातून वर आलेला, आणि आजूबाजूला हजार मैल काही नाही. नेपोलियनला तिथे का ठेवला ते न सांगता कळतं. तेव्हा तिथे विमान नव्हतं, केपटाउनहून टपाल बोट जायची, पाच दिवस. आता विमान जातं असं ऐकतो. खरं का?

गच्चीवरचा_गणू, रात्री १०:२५

काका, तुम्ही माझ्या सर्वांत लाडक्या ठिपक्याला हात घातलात!

खरं आहे. १४ ऑक्टोबर २०१७ला जोहान्सबर्गहून पहिलं नियमित विमान उतरलं. बेट जेमतेम १२० चौरस किलोमीटर, वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. ब्रिटनने विमानतळावर साडेअठ्ठावीस कोटी पौंड खर्च केले. आणि बांधून झाल्यावर लक्षात आलं की कड्यावरून वारा असा काही उलटासुलटा वाहतो की ठरवलेली मोठी विमानं तिथे नीट उतरवता येत नाहीत. उद्घाटन लांबलं, ब्रिटिश वर्तमानपत्रांनी 'जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ' म्हणून घेतलं. शेवटी एम्ब्रेअर १९० या लहान विमानावर भागवलं. सेवा सुरू झाली तेव्हा ते नामिबियात थांबून टाक्या भरून घ्यायचं, कारण बेटावर उतरता आलं नाही तर जवळपास दुसरं अंगण नाही. आल्या वाटेने आफ्रिकेला परत.

आता रिकाम्या जागेत मला काय दिसतं ते सांगतो. विमान आफ्रिकेचा किनारा सोडतं, ठिपका थोडा वेळ ठळक असतो, मग पुसट. सगळा दक्षिण अटलांटिक मोकळा, आणि त्यात एकच पुसट ठिपका. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी अर्धा तास फोन खाली ठेवला नव्हता. बायको म्हणाली, तुमचं कोण आहे त्यात?

खलाशी_काका, रात्री १०:४०

आमच्यात समुद्रावर दुसऱ्या जहाजाचा दिवा दिसला की सगळे कठड्याला येत. तसंच हे. कुठल्या वारी जातं?

गच्चीवरचा_गणू, रात्री १०:४४

मुख्य फेरी शनिवारची, काका. आपल्याकडे दुपार ते संध्याकाळ.

पावसाळी_पाहुणा, सोमवार, रात्री १:२० (आयर्लंड)

खलाशीकाकांसाठी खास जागा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला बारा नावाचं बेट आहे. तिथला विमानतळ म्हणजे समुद्राची पुळण. नियमित प्रवासी विमान पुळणीवर उतरणारी जगातली ही एकमेव जागा मानतात. तीन धावपट्ट्या, टोकांना लाकडी खांब, आणि भरती आली की तिन्ही पाण्याखाली. वेळापत्रक भरती-ओहोटी बघून बनवतात. विमान गेलं की लोक त्याच वाळूत शिंपल्या वेचायला उतरतात. वाऱ्याची दिशा दाखवणारा मोजा चढवलेला असेल तर पुळणीवर यायचं नाही, अशी पाटी आहे.

टवाळ_बाळू, सकाळी ८:००

म्हणजे भरती आली की बाराचे बारा वाजतात.

खलाशी_काका, सकाळी ८:३०

बाळू, विनोद बरा होता. पाहुणे, आमच्याकडे त्या शिंपल्यांना तिसऱ्या म्हणतात, आणि आमच्या पुळणीवर गाडी घातली तरी रुतते, इथे विमान कसं उतरतं?

पावसाळी_पाहुणा, दुपारी १:३३

ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट बसते तिथे. आणि विमानही छोटं असतं, ट्विन ऑटर, वीसेक माणसांचं, जाड चाकांचं. वैमानिक तीन पट्ट्यांतली वाऱ्याला सोयीची धरतात.

त्याच देशाच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे जगातली सर्वांत छोटी नियमित फेरी आहे. अंतर २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटं, विक्रम ५३ सेकंदांचा. नकाशावर बघायला गेलात तर साइट उघडेपर्यंत विमान उतरलेलं असतं.

घाटकोपरी, रात्री ९:१०

आमच्या डोक्यावरून मुंबईला उतरणारी विमानं इतकी खाली जातात की चाकं मोजता येतात. लहानपणापासून त्याचं कौतुक उरलेलं नाही, टीव्हीचा आवाज वाढवायचा एवढंच. पण २२ एप्रिल २०२४ला मी मुद्दाम वर बघितलं. एअर इंडियाचं शेवटचं ७४७, व्हीटी-ईव्हीए, मुंबईहून कायमचं अमेरिकेला निघालं, सुटे भाग काढायला. निघताना वैमानिकाने पंख हलवून निरोप दिला. बाबा आयुष्यभर विमानतळावर सामान विभागात होते. १९७१मध्ये एअर इंडियाचं पहिलं ७४७ 'सम्राट अशोक' आलं तेव्हा ते कॉलेजात होते, बघायला गेले होते. आणि १९७८च्या १ जानेवारीला तेच विमान वांद्र्याच्या समुद्रात पडलं, तो विषय ते काढत नाहीत. त्या दिवशी त्यांना फोनवर ठिपका दाखवला. अरबी समुद्रावर जाऊन पुसट होईपर्यंत बघत बसले. मग म्हणाले, "गेलं", आणि चहा टाकायला उठले.

उत्तरध्रुवी_उमा, रात्री ११:०२

घाटकोपरी, डोळ्यांत पाणी आलं. क्वांटासने त्यांचं शेवटचं ७४७ जुलै २०२०मध्ये पाठवलं तेव्हा वैमानिकांनी सिडनीजवळच्या समुद्रावर फिरून नकाशावर कांगारू काढला होता. शेपूट, पाय, सगळं. त्या समुद्रावर आता काही नाही, पण ती रेघ लोकांकडे जपलेली आहे.

गूढरम्य, मंगळवार, सकाळी ७:१५

एमएच३७० कुणीच काढलं नाही.

लोहगावकर, सकाळी ८:४०

मुद्दामच काढलं नसेल. मलेशिया एअरलाइन्सचं ते बेपत्ता विमान. ८ मार्च २०१४, क्वालालंपूरहून बीजिंग, २३९ माणसं. मलेशिया आणि व्हिएतनामच्या मध्ये 'इगारी' नावाचा बिंदू आहे, तिथे ठिपका थांबतो. पुढे लष्करी रडारने ते मागे वळून अंदमान समुद्राकडे जाताना पाहिलं, आणि नंतर उपग्रहाशी होणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या संपर्कांवरून दक्षिण हिंदी महासागर. आज त्या बिंदूवरून रोज विमानं जातात, नकाशावर वेगळं काहीच दिसत नाही. मी मात्र तिथे कधी झूम करत नाही.

संत्र्याची_फोड, सकाळी ९:३०

बराबर.

घाटकोपरी, गुरुवार, रात्री १०:५५

विषय थोडा हलका करते. गणूभाऊ, गच्चीवर आवाज येतो त्या दिशेला बघितलं तर विमान तिथे नसतं, पुढे असतं. नकाशा चुकतो की कान?

गच्चीवरचा_गणू, रात्री ११:२०

कान, ताई. अकरा किलोमीटर खाली यायला आवाजाला अर्ध्या मिनिटाच्या वर लागतो. तेवढ्यात विमान सात-आठ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून आधी बघायचं, मग ऐकायचं. २०२०च्या टाळेबंदीत दोन महिने ना दिवा होता ना आवाज. तेव्हा गच्चीवर मला पहिल्यांदा भीती वाटली होती. २५ मेला देशातली विमानं सुरू झाली, त्या रात्री एक गेलं, कुठलं ते बघितलंसुद्धा नाही.

खलाशी_काका, शनिवार, संध्याकाळी ७:४५

गणूराव, आज दुपारपासून बसलो होतो. नातवाने लावून दिलं. आफ्रिकेचा किनारा सोडला, ठिपका फिका झाला, तुम्ही म्हणालात तसाच. मग कितीतरी वेळ तो तसाच. मी नातवाला विचारलं, बिघडलं का रे? तो म्हणाला, आबा, थांबा. शेवटी बेटाजवळ पोचला.

हिला बोलावून दाखवलं. म्हटलं, इथून गेलो होतो मी नव्वदला. ती बघत राहिली. मग म्हणाली, "त्या खेपेला एकवीस दिवस तार नाही की पत्र नाही. मी रोज पोस्टात जायचे." मी म्हटलं, अगं, पाण्यात कुठलं पोस्ट? तर म्हणाली, "ते मला आत्ता दिसलं."